अर्धी गोळी

तान्ह्या नातवाला ताप भरला, तसा आमच्या ह्यांनी आपल्याच तापाच्या गोळीचा अर्धा तुकडा मोडला. सून दीपमाला बाळाला छातीशी धरून मागं सरकली.

"नको मामा. डॉक्टर म्हणाल्यात, तान्ह्याचं लिव्हर कच्चं असतंय. मोठ्याची गोळी पचत न्हाई."

"आमची लेकरं ह्याच्यावरच वाढली!"

वाढलेली त्यांच्या लक्षात आहेत; गेलेली दोन माझ्या.

तेवढ्यात शेतातून आमच्या गड्याचा, शिवाप्पाचा फोन आला. मोठ्या तुरीवर फवारून उरलेलं औषध निम्मं पाणी घालून नव्या तुरीवर मारू का, म्हणून विचारत होता. हे कडाडले,


"येडा का खुळा रे तू? दोन पानावरचं रोप ते! निम्मं केलं म्हणून कवळ्याला सोसतंय व्हय?"