काजळीवरचा थेंब

दिव्यावर काजळी धरलेली काचपट्टी मी दोन वाट्यांवर आडवी ठेवली आणि मधोमध पाण्याचा थेंब सोडला. काजळीला पाणी चिकटत नाही. एका टोकाखाली ऊब दिली की थेंब गार टोकाकडे सरकतो.

पन्नास वर्षांपूर्वी ह्यांनी त्या सरकण्याचं समीकरण मांडलं, आकडेमोड मी केली. समोरासमोर बसून आम्ही दोघं टोकांखाली एकेक बोट धरायचो. थेंब दरवेळी ह्यांच्याकडे पळायचा. "तुझं बोटसुद्धा तापट!" हे चिडवायचे.

"आई, आवर ना," खोकी बांधता बांधता लेक म्हणाली. "उद्या घराला कुलूप लावून तू माझ्याकडे येणार आहेस. बाबांना जाऊन वर्ष झालं."

"एकदाच बघते," म्हणत मी बोट धरलं. थेंब दूर जायला हवा होता. तो थरथरला आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे आला.

समोरची खुर्ची रिकामी होती. मी पट्टीचं तिकडचं टोक चाचपलं. ते माझ्या बोटापेक्षा गरम होतं.

"कुलूप नको लावूस," मी लेकीला म्हणाले. "आकडेमोड माझी आहे. ती चुकायची नाही."