पुढचा दात

"ते जबडे आत नेऊन ठेव," नवरा म्हणाला. "कॅमेऱ्यात दिसले तर कसं वाटेल?"

प्लास्टरचे जबडे टेबलावर ओळीनं मांडलेले होते. थोड्याच वेळात परदेशातल्या एका डेंटल लॅबची मालकीण लॅपटॉपवर येणार होती. बायकोला दात घडवायची नोकरी द्यायची की नाही, ते ठरवायला. आणि या माणसाला जबड्यांची लाज वाटत होती. तिनं मुकाट्यानं ते उचलून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नेऊन ठेवले. परत येते तो तिच्या खुर्चीमागच्या कपाटावर नवऱ्याच्या टाउनशिपचं थर्माकोलचं मॉडेल विराजमान झालेलं, आणि तिच्या खुर्चीला खेटून त्याची खुर्ची.

नवरा आर्किटेक्ट. गेलं वर्षभर त्यानं बाहेर अर्जांवर अर्ज पाठवले आणि कुणी त्याला भीक घातली नाही. आर्किटेक्ट तिथे पोत्यानं पडले होते, दात करणारी माणसं मात्र मिळत नव्हती. तिला मुलाखतीचं बोलावणं आलं; नोकरी मिळाली तर तिच्यामागून त्यालाही जाता येणार होतं. त्या दिवसापासून 'आम्हाला बोलावलंय' हे त्याचं पालुपद झालं. नातेवाइकांत, ऑफिसात, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. लग्न झाल्यापासून जिला तो चारचौघांत 'आमची दातवाली' म्हणत आला, ती एका रात्रीत 'सिरॅमिक आर्टिस्ट' झाली. हा शब्द त्यानंच कुठूनसा पैदा केला होता.

तिला आता राग येत नसे. राग यायला समोरचा माणूस तेवढा मोठा वाटावा लागतो.

"तू फक्त कामाचं बोल. बाकीचं मी सांभाळतो," असं म्हणून त्यानं टाय सरळ केला आणि मोबाइलच्या काचेत स्वतःचे दात बघून घेतले. पुढचा दात मस्त चमकला. तो तिनंच केला होता. लग्नानंतर लवकरच स्वारी स्कूटरवरून तोंडावर आपटली आणि पुढचा दात अर्धा गेला. तिनं गॅलरीतल्या टेबलावर बसून त्याची कॅप घडवली, शेजारच्या दाताशी रंग जुळेना म्हणून पुन्हापुन्हा केली, आणि डॉक्टरनं ती बसवली. दुसऱ्याच आठवड्यात नवरा लोकांना सांगत सुटला, की दात खास परदेशातून मागवला आहे. सोफ्यावर बसलेल्या सासूबाई अजूनही बिल्डिंगभर तेच सांगायच्या. तिनं कधी खोडून काढलं नाही. दात झकास जमला होता, तेवढं तिला पुरत होतं.

मालकीण आली. पिकलेले केस, चष्मा डोक्यावर चढवलेला. नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता तिनं विचारलं, की पुढच्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवायला थर कसे चढवता? उत्तर नवऱ्यानं दिलं. आम्ही दोघंही कामात काटेकोर आहोत, घरात सौंदर्यदृष्टी पहिल्यापासूनच आहे, वगैरे. दुसऱ्या प्रश्नावर तर तो टाउनशिपच्या कारंज्यापर्यंत जाऊन पोचला. चालू राहिलेल्या टीव्हीकडे बघावं तसं मालकिणीनं त्याच्याकडे बघितलं.

मग त्याला वगळून मालकीण थेट तिच्याशी बोलली. फोटो सगळेच छान पाठवतात, त्यावर आपला विश्वास नाही, म्हणाली. तोंडात काही वर्षं वापरलेलं एखादं काम आत्ता दाखवता येईल का? हिरडी कशी राहिली आहे ते बघायचं होतं. नसेल तर हरकत नाही, नंतर कळवते.

नंतर कळवते म्हणजे काय, ते न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. ओट्यावरचे जबडे काही कामाचे नव्हते. तिनं हळूच शेजारी बघितलं. त्याच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

"नको," तो ओठ न हलवता म्हणाला. "आईसमोर नको."

"आहे," ती मालकिणीला म्हणाली.

सासूबाईंसमोर ती त्याला एरवी अहोजाहो करायची. आज विसरली. "इकडे वळ," ती म्हणाली. "आ कर."

तो हसला. हसण्यावारी नेता येईल असं त्याला क्षणभर वाटलं असावं. मग त्यानं सोफ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि 'आम्हाला बोलावलंय' सगळ्यांना सांगून झालंय हे आठवून गुपचूप तोंड उघडलं.

तिनं टेबललॅम्प त्याच्या चेहऱ्यावर ओढला, अंगठ्यानं वरचा ओठ उचलला आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवून जवळ नेला. टाउनशिप गेली, टाय गेला. स्क्रीनभर नुसतं त्याचं तोंड उरलं. पलीकडे मालकिणीनं चष्मा डोळ्यांवर घेतला. थोडं डावीकडे. आणखी वर.

मग मालकिणीनं विचारलं, "पुढच्या या दोन दातांतला तुमचा कोणता?"

त्या प्रश्नावर तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं नखानं दात दाखवला. मालकीण पुन्हा वाकून बघत राहिली, आणि कधीपर्यंत येऊ शकाल, असं तिनं विचारलं.

एव्हाना सासूबाई सोफ्यावरून उठून आल्या होत्या. चष्मा लावून त्याही मुलाच्या तोंडात डोकावल्या. "अगं, हा तर बाहेरून मागवला होता ना?"

नवऱ्यानं घशातून काहीतरी आवाज काढला.

"बोलू नकोस. लाळ गळतेय," ती म्हणाली.

पलीकडून मालकिणीनं सहज चौकशी केली, की हे गृहस्थ कोण.

"सोबत येणार आहेत," तिनं सांगितलं, आणि ओठ आणखी थोडा वर उचलून धरला.