दिवा कुठे बसवायचा

“किनुए-सान, आजपासून तुम्हाला पेन्शन लागू!” मोटरसायकलची सीट उचलून बाजूला ठेवत त्सुकामोतो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. दुकान त्याचं, त्यामुळे त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

किनुएही हसली. दुसरं करणार काय? टोलनाक्यावर गाडी थांबली की मागच्या सीटवरून हातमोजा काढायचा, यंत्रातून तिकीट ओढायचं, छातीच्या खिशात कोंबायचं आणि बाहेर पडताना पैसे चुकते करायचे, ही लग्नापासूनची तिची नोकरी. नवरा हिसाओ नुसता हँडल धरून समोर बघत बसायचा. खिडकीतल्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या त्याही हिनेच. या एका कामाच्या जोरावर ती मागची सीट आपली मानत आली होती.

गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. संधिवाताने बोटं आखडलेली, त्यात वारा सुटलेला. तिकीट हातून निसटलं आणि भुर्रकन उडालं. ती उतरून त्याच्यामागे धावली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून नाका डोक्यावर घेतला. हिसाओ रागावला नाही. तो कधीच रागवत नाही, तेच तर वाईट. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, “न थांबता आपोआप टोल कापणारं ते यंत्र गाडीला बसवून घेऊ.” किनुए “बरं” म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

आता ती दुकानातल्या स्टुलावर बार्लीचा चहा घेऊन बसली होती आणि मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होती. ‘या वेळी नासूला तुम्ही एकटेच जा. माझे गुडघे दुखतात.’

लाल पानं बघायला दोघं दर शरदात नासूच्या डोंगरात जात. खरं तर हिसाओला पानांचं काही सोयरसुतक नव्हतं. सगळे लोक डोंगराकडे बघून माना डोलवायचे आणि हा बाबा हिच्या तोंडाकडे बघत विचारायचा, “कसं दिसतंय?” मग हिने सगळं वर्णन करायचं. मांस भाजायला बसलं तरी तीच तऱ्हा. जाळीवरचा तुकडा काड्यांत धरून म्हणायचा, “झालं का गं?” साठी उलटली तरी स्वतःपुरतं मांस भाजता येत नाही, म्हणून तिने त्याला चारचौघांत कितीदा चिडवलं होतं. तो नुसता हसायचा.

“टोलच्या कार्डाची पेटी सीटखाली,” त्सुकामोतो गाडीशेजारी उभ्या हिसाओला सांगत होता. “अँटेना पुढे, आकाशाकडे तोंड करून. आणि हा दिवा मीटरशेजारी, तुमच्या डोळ्यांसमोर. निळा असला तर खुशाल आपोआपच्या रांगेत शिरा. लाल असला तर शिरू नका. फाटक उघडायचं नाही आणि तुमचा कपाळमोक्ष व्हायचा.”

हिरव्या दिव्याला निळा म्हणायची इकडची जुनी सवय. दिवा एकच होता, मुगाच्या दाण्याएवढा. लाल व्हायचा तोच आणि निळाही तोच.

हिसाओने वाकून तो दिवा न्याहाळला.

“त्सुकामोतो, सिग्नलसारखे शेजारी शेजारी वेगळे दिवे नाही का मिळत?”

“गाडीवर काय चौक उभारायचाय तुम्हाला?”

“मग हा मागे बसव. हिच्या डाव्या गुडघ्याजवळच्या कडीवर.”

त्सुकामोतोने पाना खाली ठेवला. “चेष्टा करता की काय, हिसाओ-सान? चालवणाऱ्याला दिसायला नको?”

“चालवणाऱ्याला दिसून उपयोग नाही,” हिसाओ म्हणाला. त्याचे कान तापले होते. तो किनुएकडे वळला. “मला लाल न् निळा वेगळा ओळखूच येत नाही. लहानपणापासून. सिग्नलला दिव्याच्या जागेवरून कळतं. तुला सांगायची लाज वाटली, आणि मग ते राहूनच गेलं. तिकिटाची कटकट संपली, आता तू एवढं कर. निळा असला की माझ्या पाठीवर थाप मार. जमेल?”

किनुएने चहा बाजूला ठेवला. जुळवून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तिला जाळीवरचं मांस आठवलं, आपलं चिडवणं आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मग एकदम तो डोंगर आठवला.

“अहो, मग नासूची पानं? इतकी वर्षं दर शरदात एवढ्या लांब जात होतात, ते काय बघायला?”

“पानंच,” हिसाओ म्हणाला. “तू सांगायचीस ना, तेव्हा दिसायची.”