अकरा नंबरचा सूट

अकरा नंबरनं रोलर डाव्या हातात घेतला, तेव्हा उस्तादांना जरा नवल वाटलं. काल तर सगळं काम उजव्या हातानं चाललं होतं.

“हात भरून आला का गं?”

मास्कमागून नुसती मान हलली.

शेडमध्ये पवनचक्कीचं पातं आडवं पडलं होतं. या टोकाची हाक त्या टोकाला पोचू नये एवढं लांब. असल्या पात्यांच्या चिरा कापड आणि रेझिन नावाचा चिकट रस लावून बुजवायचं काम उस्ताद शिकवत. घासताना फायबरची धूळ उडे आणि अंगाला लागली की खाजवून जीव नको होई. म्हणून सगळे फाटकाजवळच्या खोलीतूनच टोपी, चष्मा, मास्क आणि पांढरा सूट चढवून येत. पाठीवर नंबर. मास्कमागून सगळ्यांचे आवाज सारखेच घोगरे येत; उस्ताद माणसं पाठीवरूनच ओळखत.

अकरा नंबरची जागा कमी फीची होती, कचरा डेपोमागच्या वस्तीसाठी ठेवलेली. त्या जागेसाठी उस्तादांनी प्रशिक्षण केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या दाराशी चपला झिजवल्या होत्या. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले होते, “देतो एक जागा. पण परीक्षेत नापास झाली, की जागा बंद. मग परत माझं डोकं खायचं नाही.”

जागा घ्यायला विशीतली एक पोरगी आली होती.

“एवढी फी तरी झेपेल ना?” उस्तादांनी विचारलं होतं.

“गल्लीनं मिळून भरलीय. आमची हातगाडीसुद्धा सगळ्यांची मिळून एकच आहे.”

पोरगी अफाट निघाली. आदल्या दिवशीचा धडा विचारावा, तर उस्तादांच्या खोकल्यासकट म्हणून दाखवी. “रेझिन घट्ट व्हायच्या आत, खॉक खॉक, हवा बाहेर काढायची.” सगळी शेड हसे. उस्तादही हसत, आणि मनात म्हणत, असं डोकं आपण आजवर पाहिलं नाही.

तिची काळजीही वाटे. एखाद्या दिवशी सूट अंगावर लोंबत असे, एखाद्या दिवशी शिवणी ताणलेल्या. इथून गेल्यावर घरी राबणं, जेवणाचा ठिकाणा नाही. सूज येत असेल बिचारीला.

“एकदा चेहरा बघा की पोरीचा,” घरी बायको म्हणाली.

“चेहऱ्यानं चीर बुजत नाही.”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

परीक्षा शुक्रवारी आली. हातभर लांब चीर होती. साहेब कडेला उभे. अकरा नंबरनं कड घासली, पुसली, कापड अंथरलं, रेझिन ओतलं. रोलर असा फिरू लागला, जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरावा. एकेक बुडबुडा कडेला येऊन फुटत होता. शेजारच्या नंबरांनी आपली कामं थांबवली.

सुकल्यावर साहेबांनी खिशातून नाणं काढलं आणि पात्यावर ठोकत गेले. आत हवा राहिली असती, तर आवाज पोकळ आला असता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच भरीव नाद. त्यांनी पुन्हा ठोकून पाहिलं. मग हात फिरवला. चीर कुठे होती, हे बोटांनाही सापडेना.

“जागा कायम राहिली,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “उस्ताद, हे तुमच्या हातूनही झालं नसतं.”

“नसतंच झालं,” उस्ताद म्हणाले.

“मास्क काढ बाळ, फोटो घेऊ,” साहेब म्हणाले.

आधी चष्मा उतरला, मग मास्क, मग टोपी. टोपीखालून पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटला. पन्नाशी ओलांडलेली एक बाई उस्तादांकडे बघून हसत होती. तिला त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

“शुक्रवार माझा असतो, उस्ताद,” ती म्हणाली. “बाकीचे वार बाहेर फाटकाशी उभे आहेत.”