दोन चिंचोके

ग्वाल्हेरच्या गोरखी भागातल्या अंगणात वनमाला जादूगाराचा खेळ मांडायची. एक चिंचोका म्हणजे समोरच्याला दगड करणारा एक मंत्र. तिच्या मंत्रांनी खेळात नवीन आलेली राजलक्ष्मी सतत दगड व्हायची आणि रडत घरी जायची. शेवटी वनमालेच्या अप्पांनी, कृष्णरावांनी, नियमच घातला: नव्या भिडूला दोन चिंचोके, जुन्याला एकच.

"ये तो बेईमानी है! मी इतकी वर्षं खेळले ते पाण्यात?" वनमाला उसळली.

"जुन्यानं मन मोठं ठेवावं," अप्पा हसले.

छप्पन साली राज्य बदललं, मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला. जुन्या सगळ्या राज्यांतल्या कारकुनांची मिळून एक ज्येष्ठता यादी निघाली आणि ग्वाल्हेरच्या कचेरीत बावीस वर्षं लेखणी घासलेले कृष्णराव तिच्यात तळाला गेले, नव्या राज्यात नवे धरले म्हणून. घरी येऊन ते ओसरीवर दगड होऊन बसले.



"नव्याला दोन," म्हणत वनमालेनं त्यांच्या हातावर चिंचोके ठेवले.