आजोबांचा गोळा

गोळा धप्पकन मातीत रुतला आणि मॅरेन टेप घेऊन धावली.

"छत्तीस फूट, दोन इंच!"

ऑर्विलने कोच वालेरोंकडे चोरून पाहिलं. बाईंची वही काखेत तशीच बंद होती. विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडताना बेचाळीस फुटांखाली ती उघडतच नाही, हे त्याला ठाऊक होतं. नातीचा व्हिडिओ त्याने अकरा विद्यापीठांना पाठवला होता. दहांनी साधं उत्तरही दिलं नाही. या एकट्या बाई चारशे मैल गाडी हाकत मॉन्टानाच्या या टोकाला आल्या होत्या. त्या हात हलवत परत गेल्या, की मॅरेनची खेळाची शिष्यवृत्ती गेली आणि कॉलेजचं स्वप्नही. मग गावातल्या धान्याच्या कोठारावर नोकरी, जन्मभर.

"तो ट्रक काढा आधी," बाई म्हणाल्या. "लागेल एखादा."

वाऱ्याला आडोसा म्हणून ट्रक समोरच उभा असायचा. ऑर्विल हसला. "तिथवर कुणाच्या बापाचा गोळा जात नाही, बाई. माझाही कधी गेला नाही."

शाळेत मुलं मोजून एकोणीस. गोळाफेक शिकवणारं कुणी नव्हतं. मग चार वर्षांपूर्वी ऑर्विलनेच कोठीतून आपला जुना गोळा काढला. याच गोळ्यावर त्याने एकेकाळी जिल्हा गाजवला होता. शाळेचा संघ यंदा पहिल्यांदाच उतरणार होता, पण बर्फाने दोन्ही स्पर्धा बुडवल्या. त्यामुळे मॅरेनची फेक या शेतापलीकडे कुणी पाहिलीच नव्हती.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "मी एक कोडं सोडवायला आलेय. व्हिडिओत पोरीचा हात असा झपकन सुटतो, आणि गोळा मात्र आळशासारखा जातो. असं होत नाही."

त्या चालत गेल्या आणि वाकून एका हाताने गोळा उचलायला लागल्या. मग त्यांनी दुसरा हातही खाली घातला.

"हा कुणाचा?"

"माझा. शाळेतला. पक्का बारा पौंडी!"

"ऑर्विल, बारा पौंडी मुलांचा असतो. मुलींचा पावणेनऊ."

ऑर्विलच्या काळी मुली गोळा फेकतच नव्हत्या. कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. नातीच्या खांद्यावर चार वर्षं हे जादा ओझं त्याने आपल्या हाताने ठेवलं होतं. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पोरी, चुकलं गं माझं."

"म्हणजे गोळा लांब जात नाही म्हणून मी उगाच रडत होते होय, आजोबा?" मॅरेन म्हणाली.

बाईंनी गाडीतून दुसरा गोळा आणला. मॅरेनने तो तळहातावर झेलून पाहिला, कानाशी धरून हलवला.

"आत पोकळ आहे का हा?"

"फेक."

ती वळली. गोळा सुटला. ऑर्विलची नजर नेहमीच्या जागी खाली आली, पण तिथे काही पडलं नाही. गोळा अजून वरच होता. साऱ्या आयुष्यात त्याने असं काही पाहिलं नव्हतं. त्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे गेला.

ट्रकच्या दारावर धाडकन आवाज झाला.

टेप घेऊन कुणीच धावलं नाही.

"आता तरी काढा तो ट्रक," कोच वालेरो वही उघडत म्हणाल्या.