मोसंबीची सावली

चैत्री पुनवेचा चांद उगवला तोच कुरतडलेला. वच्छलाबाई कवाड सताड उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत बसली होती. मांडीवर जोंधळ्यानं भरलेलं सूप, आणि कान गावाच्या खालच्या अंगाला.

ग्रहण लागलं की तिकडल्या वस्तीतून चंपीची आरोळी उठायची, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" मग वच्छलाबाईनं वरून सूप कलंडवायचं, चंपीनं खाली पदर पसरायचा. सासूच्या वेळेपासूनची रीत. नामांतराच्या दंगलीत वस्ती पेटली आणि चंपीचं बिऱ्हाड औरंगाबादेकडं निघून गेलं. त्यानंतरही प्रत्येक ग्रहणाला वच्छलाबाई सूप भरून बसायचीच.

"माय, कुणाची वाट बघती?" कडूबानं चपला काढता काढता विचारलं. वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून लेक नुकताच एसटीनं आला होता. "चंपाबाईचा पोरगा माझ्याच खात्यात हाय. त्या नाय यायच्या आता."

"चंपाबाई?" वच्छलाबाई हसली. "बाई कवापासनं झाली ती?"

"पहिल्यापासनंच व्हती. आपुन म्हणत नव्हतो."

तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. मग म्हणाली, "आरोळी नाय, दान नाय. मंग चांदाला सोडवावं कुणी? राहू धरून बसलाय."

"राहू नाय न् केतू नाय. आपल्या धरतीची सावली हाय ती. कड बघ, कशी गोल. जुन्या लोकांनी दर गिऱ्हाणाला हीच कड बघितली, तवा कुठं वळखलं, धरती गोल हाय म्हणून."

"ताटबी गोलच असतंय की."

"व्हय का?" कडूबानं ताट उचललं आणि बल्बापुढं आडवं फिरवलं. भिंतीवर सावलीची नुसती काडी झाली. मग त्यानं दुरडीतली मोसंबी आईच्या हातात ठेवली. "आता ही धर."

वच्छलाबाईनं मोसंबी धरली. उलटी केली, तिरकी केली, बोटांत गरागरा फिरवली. सावली आपली गोल ती गोलच.

"मंग हिला काठ कुठं?"

"नसतोय काठ. जो जिथं उभा, तिथंच त्याचं मधोमध."

"वस्ती मातर काठालाच व्हती," वच्छलाबाई म्हणाली.

कडूबानं तिच्या हातातली मोसंबी परत दुरडीत ठेवली.

त्या दिवशी वस्तीतून धूर उठला तेव्हा आरोळी नव्हती. चंपी ह्याच कवाडाला तोंड लावून हलक्या आवाजात म्हणाली होती, "वच्छलामाय, लेकरापुरतं तरी आत घ्या." कवाडापलीकडं तिच्या तान्ह्या नातवाचं रडं ऐकू येत होतं. आणि वच्छलाबाईनं आतून दोन्ही हातांनी कडी धरून ठेवली होती. आता एकदाच ती आरोळी यावी, आणि तिला कवाड उघडं दिसावं, एवढ्यासाठी हे सूप होतं. दाण्यांचं निमित्त.

"कडूबा, तिचा पोरगा बोलतो का रं तुझ्यासंगं?"

"बोलतो. डबा खातो संगं."

"चंपाबाई... काढती का माझं नाव?"

कडूबानं मान खाली घातली. "नाय काढत, माय."

चांदावरची सावली सरकत सरकत पार निघून गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी पदर पसरला नाही, तरी चांद घासल्या पितळेसारखा लख्ख झाला. घराघरातून अंघोळीच्या पाण्याचे आवाज येऊ लागले.

"सुटलं गिऱ्हाण," कडूबा म्हणाला. "ऊठ, अंगावर पाणी घे."

"त्याचं सुटलं," वच्छलाबाई म्हणाली, आणि भरलं सूप मांडीवर तसंच धरून उघड्या कवाडात बसून राहिली.